डेव्हिएशनवर पास

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका चाकणच्या एका कारखान्यातून क्वालिटीचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या डोळ्यांपर्यंत अजून पोचलेली नाही. डोळे रोज सकाळी ड्यूटीवर हजर असतात. लिफ्ट मजल्याशी नीट जुळून थांबली नाही तर काका आत पाऊल टाकायच्या आधी वाकून फट बघतात. लग्नाच्या पंगतीत पानात जिलबी पडली की आधी तिचे वेढे मोजतात. पुनावळ्यातली आमची इमारत नवी होती तेव्हा ताबा घ्यायला आलेली माणसं चावी हातात धरून फोटो काढून घेत होती. काकांनी चावी खिशात टाकली, पिशवीतून पाणसळ काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. बिल्डरचा माणूस त्यानंतर आमच्या मजल्यावर जिन्यानंसुद्धा येईनासा झाला.

कारखान्यात त्यांचा दरारा याहून मोठा होता म्हणे. चाकण-भोसरी पट्ट्यात चार दिवस काम केलेल्या कुणालाही 'डेव्हिएशन' ठाऊक असतं. माल मापात किंचित चुकलेला असतो, पण वाया गेलेला नसतो. गेटवर ट्रक उभा असतो, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत असतात. अशा वेळी प्रॉडक्शनचा मॅनेजर एक कागद घेऊन क्वालिटीच्या केबिनमध्ये येतो, चहा मागवतो, मुलाबाळांची चौकशी करतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, एवढा लॉट डेव्हिएशनवर पास करा." व्यवहारी माणसं सही करतात. काकांनी उभ्या नोकरीत केली नाही. दोन शतांश मिलिमीटरसाठी त्यांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर अख्खा लॉट लाल पेटीत टाकला होता आणि मिठाईचे पुडे घेऊन गेटापर्यंत गेलेली माणसं परत मशीनवर येऊन उभी राहिली होती, ही कथा तिकडे अजून सांगतात. लाल पेटी म्हणजे रिजेक्शनची पेटी. तिला कुलूप असे. किल्ली साहेब उशाखाली घेऊन झोपतात अशी शॉपवर वदंता होती. काकू म्हणतात, "उशाखाली कुठली? देवघरात असायची."

असा माणूस निवृत्तीनंतर फुलझाडांच्या नादी लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. दोष एम्प्रेस गार्डनचा. २६ जानेवारीच्या सुमाराला तिथं पुष्पप्रदर्शन भरतं. काकू नेमानं जातात, त्या वर्षी काकांना रजा काढावी लागणार नव्हती म्हणून तेही गेले. बाग चालवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे हे वाचून त्यांचा संस्थेबद्दल एकदम चांगला ग्रह झाला, कारण इतकी वर्षं टिकलेल्या ठिकाणी रेकॉर्ड नीट असणारच. गुलाबांच्या टेबलाशी ते थांबले नाहीत. "प्रत्येक नग वेगळा," म्हणाले. डेलियांना त्यांनी ओव्हरसाइझ ठरवलं. आणि मग एका कोपऱ्यात त्यांना स्नॅपड्रॅगनची रांग दिसली. पावणेतीन-तीन फुटी ताठ दांडे, एका उंचीचे. खाली उमललेली फुलं, वर कळ्या, त्यांचाही क्रम ठरलेला. काका चष्मा कपाळावर घेऊन एक डोळा मिटून त्या रांगेकडे बघत राहिले. काकू गुलाब संपवून, शेवंत्या संपवून, कॅक्टसाला जाऊन आल्या तरी काका तिथंच.

"अहो, हे लॉटमध्ये बनलंय," ते म्हणाले.

तिथल्या माहीतगारानं त्यांना सांगितलं, की ही एफ-वन संकरित जात, बियापासून केलेली. पाकिटातली सगळी रोपं उंचीला आणि रंगाला सारखी येतात. 'रॉकेट' म्हणून जी उंच मालिका आहे तिच्या रंगांना १९६० साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा मान मिळाला, तेव्हापासून ती जगभर बागेत आणि फुलदाणीत ठाण मांडून आहे. काकांनी सगळं डायरीत उतरवून घेतलं. पुढे उरुळी कांचनच्या नर्सरीत त्यांनी "अँटिर्‍हिनमचं बी आहे का" असं विचारलं तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "डॉग फ्लॉवर पाहिजे म्हणा की." काकांनी डायरीत तेही लिहिलं, कंसात, 'स्थानिक पार्ट नंबर'.

बी आलं ते दिवाळीच्या आधी, ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. काकांनी पाकीट फोडलं, पांढऱ्या कागदावर उलटं केलं, आणि काही पडलंच नाही असं समजून पुन्हा झटकलं. पडलं होतं. स्नॅपड्रॅगनच्या एका ग्रॅममध्ये सहा हजारांहून जास्त बिया मावतात. काकांच्या पाकिटात ग्रॅमचा अगदी लहानसा अंश होता. आम्हा शेजाऱ्यांना साक्षीला बोलावलेलं. पंखा बंद, खिडक्या बंद, बोलायला बंदी. काका भिंगातून बघत होते, आम्ही काकांकडे बघत होतो आणि घाम सगळ्यांचा सारखाच गळत होता. बारीक वाळूत मिसळून भुरभुरावं असं डायरीत लिहून घेतलेलं होतं, पण ते त्यांना पटलं नाही. भुरभुरलेलं मोजणार कसं? म्हणून ९८ कप्प्यांचा प्रोट्रे, त्यात कोकोपीट आणि गांडूळखत, आणि ओल्या दातकोरण्याच्या टोकावर एक एक बी उचलून एका एका कप्प्यात. बी टेकलं की डायरीत टिकमार्क. तासाभरात दोन ओळी झाल्या. मग काका चहाला उठले, आणि उठताना, कोंदट फार झालं म्हणून, त्यांनी स्वतःच खिडकी उघडली.

पुनावळ्यात खिडकी उघडणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. चारी बाजूंना टॉवर उठताहेत, सिमेंटचे मिक्सर दिवसरात्र फिरताहेत. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं सही करता येते. कामवाल्या मावशी नेमक्या तेव्हा आल्या. टेबलावर कागद, कागदावर काळपट धूळ. त्यांनी ओल्या फडक्यानं कागदासकट टेबल पुसून स्वच्छ केलं, फडकं बादलीत पिळलं आणि पुढच्या खोलीत गेल्या.

आरडाओरडा झाला नाही. क्वालिटीत आरडाओरडा करत नाहीत, व्हाय-व्हाय ॲनालिसिस करतात. कारणाचं कारण, त्याचं कारण, असं पाचदा विचारत मुळापर्यंत जायचं. काकांनी मावशींना खुर्ची दिली.

"धूळ का पुसली?"

"धूळ व्हती म्हनून."

"धूळ का होती?"

"खिडकी उघडी व्हती."

"खिडकी का उघडी होती?"

"तुमीच उघडली की, काका. पंखा लावू देईना तुमी कुनाला."

काकांनी तिसऱ्या प्रश्नावर ॲनालिसिस थांबवलं.

नवं बी मागवताना त्यांनी फॅक्टर ऑफ सेफ्टी धरला आणि तीन पाकिटं आणली. इथून खरी गोष्ट सुरू होते. पुढच्या वर्षीपासून मुहूर्त घटस्थापनेचा ठरला, कारण पुण्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलं तर थंडी धरून जानेवारीपासून फुलं मिळतात. पण त्यामुळे घरात दर वर्षी एक उघड सामना होऊ लागला. देवघरात काकूंचा घट: परडीत माती, वर मूठभर गहू, ज्वारी, हरभरा, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. गॅलरीत काकांचा ट्रे: खालून पाणी शोषून घेणारा, वरून पारदर्शक झाकणाचा, आत थर्मामीटर, २१ अंश. काकू येता-जाता विचारायच्या, "बी मातीत झाकलं नाहीत?" काका समजावून सांगायचे, की ह्या बियाला उजेडाशिवाय जाग येत नाही, झाकलं तर संपलं. तिसऱ्या-चौथ्या माळेला काकूंच्या घटाला कोंब. सातव्या माळेला वीतभर पिवळे तुरे. काकांच्या ट्रेत आठव्या दिवशी भिंगाखाली एक हिरवा ठिपका दिसला आणि तो शेवाळाचा निघाला. दसऱ्याला काकूंनी घटातले तुरे काकांच्या टोपीत खोवले, तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन दिवसांनी मात्र ट्रेत जिकडेतिकडे ठिपके. त्यानंतर चार दिवस काका वर्तमानपत्र वाचायला गॅलरीतच बसले.

बी जागं झालं म्हणजे संपलं नाही. ह्या वयात रोपांना कोलमडीची भीती. पाणी जास्त झालं, वारा कोंडला, की बुरशी बुडाशी धरते आणि संध्याकाळी उभं असलेलं रोप सकाळी आडवं. काकांनी ट्रायकोडर्मा घातलं, झाकण काढलं, छोटा पंखा लांबून लावला. टँकरचं पाणी क्षारांचं म्हणून फिल्टरचं पाणी रोपांना आणि टँकरचं उकळून माणसांना, अशी व्यवस्था त्यांनी मांडून बघितली. सुनेनं ती पहिल्याच दिवशी हाणून पाडली. एवढी काळजी घेतल्याचा परिणाम व्हायचा तो झाला. जवळपास सगळं बी उगवलं आणि सगळं जगलं. कप्प्यात दोन-दोन, तीन-तीन. आता विरळणी.

विरळणीचा नियम सरळ आहे. कप्प्यातलं सर्वांत दमदार रोप ठेवायचं, बाकीची कात्रीनं कापायची. उपटायची नाहीत, नाहीतर शेजारचं मूळ दुखावतं. थोडक्यात, इन्स्पेक्शन. जन्मभर ज्यानं हेच केलं त्याला हे काम म्हणजे विश्रांती वाटावी. काका टेबलाशी बसले, टेबललॅम्प ओढला, काकूंची भरतकामाची बारीक कात्री घेतली. मी डब्याचं झाकण परत द्यायला गेले होते, म्हणून हे मला जवळून बघायला मिळालं.

पहिला कप्पा. तीन रोपं. काकांनी कात्री उघडली, सगळ्यांत लहानाशी नेली, आणि थांबले.

"हे उशिरा आलंय," ते म्हणाले. "सेकंड शिफ्टचं आहे. त्याच्याकडून फर्स्ट शिफ्टचं आउटपुट मागणं बरोबर नाही."

कात्री दुसऱ्याकडे वळली. ते वाकडं होतं. काकांनी ट्रे फिरवून बघितला. "हे खिडकीकडे वाकलंय. उजेड एकीकडूनच येतोय, त्याला ते काय करणार? फिक्स्चरची चूक आहे, पार्टची नाही."

तिसरं सरळ, दमदार, निर्दोष. ते तर कापायचं नव्हतंच.

दुसऱ्या कप्प्यात एका रोपाचं एक बीजदल फाटलेलं होतं. त्याला भिंगाखाली घेऊन काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रीवर्क होईल." तिसऱ्या कप्प्यानंतर त्यांनी कात्री मिटवून काकूंच्या डब्यात ठेवली आणि मला विचारलं, "तुमच्याकडे दह्याचे रिकामे डबे असतात ना?"

त्या आठवड्यात आमच्या विंगमधला दह्याचा, श्रीखंडाचा, औषधाचा, पाणीपुरीच्या पाण्याचा एकही डबा कचऱ्यात गेला नाही. पुनावळ्याच्या वनजमिनीवर कचरा डेपो नको म्हणून इथले रहिवासी रस्त्यावर उतरले, त्या काळातसुद्धा आमच्या इमारतीचा कचरा इतका घटला नव्हता. काका दातकोरण्यानं एक एक रोप उचलून वेगळ्या डब्यात बसवत होते. गॅलरी भरली, बेडरूमची खिडकी भरली, वॉशिंग मशीनवर दोन मजले झाले. सून एका सकाळी शांतपणे म्हणाली, "बाबा, एकतर ही जातील, नाहीतर मी." काकांनी लगेच डिस्पॅच सुरू केलं.

तेव्हापासून आमच्याकडे ऑक्टोबरअखेरीला बेल वाजली की माणसं आधी पीपहोलमधून बघतात. काका दारात उभे असतात, हातात पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात रोपं, प्रत्येक रोपाला आइस्क्रीमच्या काडीचं लेबल: पेरणीची तारीख, ट्रे, कप्पा. ट्रेसेबिलिटी. "नाही" म्हणायची सोय नसते, कारण काका विचारत नाहीत. ते तुमची गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि ऊन किती तास पडतं ते सांगून मोकळे होतात. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं हिंजवडीत नोकरीला. त्यांनी दारावरच्या 'सेल्समनना प्रवेश नाही'खाली 'रोपे नकोत' असं चिकटवलं. काकांनी पाटीवरचं शुद्धलेखन तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि पाटीखाली दोन रोपं ठेवून आले.

रोप देऊन सुटका नसते, ऑडिट असतं. पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी काका पॅड घेऊन येतात. कुंडी रेलिंगच्या सावलीत आहे: मायनर. थाळीत पाणी साचलंय: मेजर. पानाच्या पाठीवर तपकिरी पुटकुळ्या, म्हणजे तांबेरा: लाइन स्टॉप. संध्याकाळी वरून पाणी घालून पानं रात्रभर ओली ठेवल्यानं तो फोफावतो हे आम्हाला आता झोपेत विचारलं तरी सांगता येईल. प्रत्येक त्रुटीवर तुमची सही घेतात आणि कार्बनची प्रत तुम्हाला देतात. कार्बन कागद अजून कुठं मिळतो हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

रोपांना तीन-चार जोड पानं आली की शेंडा खुडायचा असतो. खुडला की बगलेतून फुटवे येतात, एका तुऱ्याऐवजी चार-पाच तुरे मिळतात. फुलदाणीसाठी एकच लांब दांडा हवा असेल तर न खुडताही चालतं. काकांनी हे 'चालतं' पकडून ठेवलं. सगळी रोपं फुलदाणीचीच आहेत, असं ते सांगू लागले. पण गॅलरीतल्या बुटक्या जातीलाही ते तेच सांगू लागले तेव्हा काकूंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "व्हा बाजूला," म्हणाल्या. अंगठा आणि तर्जनी, कट, कट, कट. मधे माझ्याशी भाच्याच्या लग्नाचं बोलणं चालू. मेथी निवडून झाली तेव्हा सगळ्या रोपांचे शेंडेही वर्तमानपत्रावर पडलेले होते. काका तोपर्यंत चप्पल घालून खाली गेले होते. नंतर ते हायवेखालच्या बोगद्यापर्यंत चालत जाऊन आले असं वॉचमननं सांगितलं. परत आल्यावर त्यांनी वर्तमानपत्रातले शेंडे वेचले आणि कटिंग म्हणून वाळूत लावले. त्यांतले बरेच लागलेही. काकूंनी कपाळाला हात लावला.

जानेवारीत मात्र आमच्या इमारतीसारखी इमारत नसते. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून लाल, पिवळे, जांभळट तुरे. लहान मुलं फुलाचे गाल दाबून त्याचा जबडा उघडमीट करत हिंडतात. काकांना त्या जबड्याचं कोण कौतुक. खालचा ओठ वरच्याला घट्ट मिटलेला असतो. साधी मधमाशी उघडू शकत नाही, अंगानं जड असा भुंगा खालच्या ओठावर बसला की त्याच्या वजनानं दार उघडतं. "गो–नोगो गेज आहे हो हे," काका म्हणतात. "लायक असेल तोच आत." पण तोच भुंगा परागकण देऊन गेला की फुलाचं काम संपतं आणि ते लवकर गळतं, म्हणून कौतुक करता करता काका वर्तमानपत्राची गुंडाळी करून भुंग्याला हाकलतातही.

पाचव्या मजल्यावरची एक मुलगी बारावीत, नीटची तयारी करणारी. तिच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात अपूर्ण प्रभुत्वाला उदाहरण ह्याच फुलाचं आहे, डॉग फ्लॉवर म्हणून: लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की पहिली पिढी गुलाबी, आणि पुढच्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. तिनं हे प्रमाण रात्र रात्र घोकलं होतं, फूल कधी पाहिलं नव्हतं. काकांच्या गॅलरीत उभी राहून ती म्हणाली, "हे खरंच असतं?" काकांना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी तिला डार्विनची हकिकत सांगितली. डार्विननंही स्नॅपड्रॅगन वाढवले होते. नेहमीचं जबड्याचं फूल आणि एक विचित्र, नळीसारखं सगळीकडून सारखं फूल, यांचा त्यानं संकर केला. पहिली पिढी सगळी साधी निघाली. तिच्या बियांची १२७ रोपं त्यानं मोजली: ८८ साधी, ३७ नळीसारखी आणि दोन अधलीमधली. १८६८ च्या ग्रंथात ते आकडे छापले. साधारण तीनास एक. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध त्याच्या दोनच वर्षं आधी छापून आला होता, आणि डार्विनला आपल्या हातात काय आलंय ते कळलं नाही. मुलगी हळहळली. काकांना डार्विनच्या हुकलेल्या शोधाचं काही वाटलं नाही. ते त्या दोन रोपांवर खूश होते.

"दुसरा कुणी असता तर ती दोन इकडेतिकडे ढकलून हिशेब साफ केला असता," ते म्हणाले. "ह्यानं लिहून ठेवली. माझ्याकडे असता तर इनवर्ड इन्स्पेक्शनला घेतला असता."

त्याच सुमाराला पोडियमवर, जिन्याच्या बाजूला, पेव्हर ब्लॉक आणि भिंत यांच्या फटीत एक स्नॅपड्रॅगन फुललेला सापडला. कुणी लावलेला नाही, लेबल नाही. मावशी बादलीचं पाणी तिथं ओततात. काकांच्या सगळ्या रोपांच्या आधी तो फुलला होता, आणि ते साहजिकच होतं, कारण ते बी सगळ्यांच्या आधी पडलं होतं. पण काकांनी ते साहजिक मानलं नाही. मावशींना पुन्हा खुर्ची मिळाली. पाणी किती होतं? फिनेल किती झाकणं? फडकं किती वेळा पिळलं? पुढच्या घटस्थापनेला काकांनी मुद्दाम कागदावर बी पसरलं, मावशींना फडक्यानं पुसायला लावलं, बादली मोजून भरली आणि त्याच फटीत ओतून घेतली. एक रोप आलं नाही. मावशी म्हणाल्या, "तुमच्यासमोर न्हाई यायचं ते, काका. लाजतंय."

फुलदाणीचं शास्त्र वेगळं. तुऱ्यातली खालची तिसरा हिस्सा फुलं उमलली की सकाळी लवकर कापायचा, लगेच पाण्यात उभा करायचा. उभाच. आडवा ठेवला तर शेंडा तासा-दोन तासांत वर वळतो आणि तो बाक पुन्हा जात नाही. पिंपळे सौदागरला राहणाऱ्या मुलीकडे पहिल्यांदा फुलं नेली तेव्हा ती गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली होती. वेळ सकाळी नऊची, रस्ता बोगद्यातून. पोचेपर्यंत झाडून सगळ्या तुऱ्यांनी माना वर केल्या होत्या. काकांनी त्या बाकाचा कोन मोजून सोसायटीच्या बैठकीत मांडला. बोगद्यातली कोंडी किती वेळाची असते याचा इतका वस्तुनिष्ठ पुरावा तोपर्यंत कुणी आणलेला नव्हता. आता फुलं स्कूटरवरून जातात, पायांमधल्या बादलीत, उभी.

दुसरा शत्रू पिकलेलं फळ. संक्रांत ते रथसप्तमी, हळदीकुंकवाचे दिवस, आणि नेमका ह्या फुलांचा बहर. तिसऱ्या मजल्यावर एकीनं काकांनी दिलेला गुच्छ हौसेनं केळ्यांच्या घडाशेजारी मांडला. दुसऱ्या दिवशी पाहावं तर दांडे उभे आणि फुलं टेबलावर. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि स्नॅपड्रॅगनला तो अजिबात सोसत नाही. काकांनी गळलेली फुलं पिशवीत घालून पुरावा म्हणून ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे हळदीकुंकवाला फुलांचं टेबल वेगळं, फळांचं वेगळं, आणि दोघांमध्ये मारुतीसारखे काका. बायका त्यांनाही तिळगूळ देतात.

गावठाणातले एक आजोबा कधीमधी येऊन बसतात. आमच्या पायाखालची जमीन त्यांच्या भावकीची होती. इथं त्यांनी ऊस काढलाय. काकांनी त्यांच्या तळहातावर चार बिया ठेवल्या. आजोबांनी हात उजेडाकडे धरला. "राजगिरा जाडा म्हणायचा ह्याच्यापरीस," म्हणाले. मग फुलं पाहिली, हुंगली. "वास न्हाई. हारात चालत न्हाई. मग बाजार काय ह्याला?" काकांनी मार्केट यार्डात जुड्या बांधून येतात वगैरे सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही इकता का?" काका नाही म्हणाले. "मग बरंय," आजोबा म्हणाले, आणि जाताना पांढऱ्या रंगाची दोन रोपं घेऊन गेले.

मार्चअखेरीला ऊन चढतं आणि खेळ आटोपतो. सुकलेल्या बोंडांना वरच्या बाजूला तीन भोकं पडतात, हुबेहूब कवटी. मुलं दोऱ्यात ओवून भुताची माळ करतात. बोंड उलटं केलं की त्या भोकांतून बी झरतं. आता एफ-वनचं बी धरून ठेवू नये हे काका स्वतः सगळ्यांना सांगत आले होते. पुढची पिढी एकसारखी येत नाही. उंच, बुटकी, लाल, पिवळी, मधलीच कसलीतरी. ज्या एकसारखेपणासाठी सगळा घाट घातला तोच जातो. तरी पण त्यांनी बी धरलं. औषधाच्या बाटल्यांत भरलं, लेबलं लावली. गेल्या हंगामात ते पेरलं आणि जे यायचं ते आलं. एकाच ट्रेतून एक कमरेइतकं, एक वीतभर. एक पिवळं, पण गळ्याशी गुलाबी. एक कुठल्या रंगाचं म्हणावं यावर काका-काकूंचा दोन दिवस अबोला. काकांनी प्रत्येकाला नेहमीप्रमाणे आइस्क्रीमच्या काडीचं लेबल लावलं. त्यावर तारीख, ट्रे, कप्पा, आणि खाली लाल शाईत दोन शब्द आणि सही.

फेब्रुवारीत त्यांच्याकडे पाहुणे आले. रावेतला राहायला आलेले, काकांच्याच कारखान्यातले प्रॉडक्शनचे मॅनेजर, दिवाळीच्या त्या लॉटचे मालक. निवृत्तीनंतर पहिलीच भेट. काकूंनी पोहे केले, बोलणं जेमतेम चाललं होतं. मग पाहुणे हात धुवायला गॅलरीकडे गेले आणि तिथंच खिळले. चष्मा लावून त्यांनी एक लेबल वाचलं. दुसरं वाचलं. मग सगळी रांग वाचून काढली.

"अंडर डेव्हिएशन?" ते म्हणाले. "तुझी सही?"

काका पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत होते.

"वीस वर्षं तुझ्या केबिनबाहेर कागद घेऊन उभा राहिलो मी. माझा ब्लडप्रेशर तुझ्यामुळे आहे. डॉक्टरच्या कागदावर कारण म्हणून तुझं नाव लिहायला सांगणार होतो मी. आणि इथं हे... हे काय आहे? हे वीतभर! हे पास?"

"ते बोल्ट होते," काका म्हणाले. "बोल्टला पुढे काही सुधारायला वाव नसतो."

पाहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुसऱ्यांदा पोहे मागितले, आणि निघताना चार कुंड्या आणि एक भला मोठा गुच्छ मागून घेतला, त्यातही वेड्यावाकड्या रंगांचेच तुरे निवडून.

पंधरा दिवसांनी रविवारी काकांना रावेतला मी सोडलं, त्यांची स्कूटर सर्व्हिसिंगला होती म्हणून. दारातून आत जाताच त्यांची नजर टीव्हीकडे गेली. टीव्हीशेजारी फुलदाणी, फुलदाणीत नुसते दांडे, आणि मागे, कोकणातून आलेली, पिकायला ठेवलेली चिकूची पेटी. काकांनी पेटीवरचं गवत उचललं, वास घेतला, पुन्हा ठेवलं. पॅड काढलं. कार्बन सरळ केला. निवांत लिहिलं.

"अरे, एवढं कशाला," यजमान ओशाळून म्हणाले. "हे डेव्हिएशनवर नाही का होणार?"

"नाही," काका म्हणाले आणि पेनचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं. "इथं सही. खाली तारीख घाल."